पुढच्या प्लेस्टेशनचे अंदाज बांधताना या चुका टाळा

ठाण्यात तलावपाळीला गप्पा रंगू देत नाहीतर वाशीत दुकानाच्या काउंटरपाशी, ‘पीएस ६ किती टेराफ्लॉप्सचा?’ हा प्रश्न हमखास येतो. पहिली गफलत इथेच होते. टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणितं; पण तो आकडा कसा मोजलाय, हे कुणी विचारत नाही. पीएस ५ चे १०.२८ म्हणजे ३६ कम्प्युट युनिट (ग्राफिक्स चिपमधले गणिती गट) × प्रत्येकातले ६४ गणक × ठोक्याला २ गणितं × २.२३ गिगाहर्ट्झ (सेकंदाला २२३ कोटी ठोके). पीएस ५ प्रोच्या वेळी ३३.५ ची हवा होती, सोनीने सांगितले १६.७. चिप तीच. चिप देणाऱ्या एएमडी कंपनीच्या नव्या रचनेत एका ठोक्याला दोन सूचना धरल्या की कागदावर आकडा दुप्पट होतो, गेम काही दुप्पट पळत नाही.

मेमरीचा आकडा तर मनाला येईल तो सांगूच नका, त्याला हिशोब असतो. पीएस ५ ची बस, म्हणजे मेमरी आणि प्रोसेसरमधला रस्ता, २५६ बिटची. एका चिपला ३२ बिट, म्हणून चिप आठ. प्रत्येकी २ जीबी, झाले १६ जीबी. वेगही तसाच निघतो: २५६ × १४ गिगाबिट (प्रत्येक बिटच्या वाटेचा सेकंदाचा वेग) ÷ ८ (८ बिटचा एक बाइट), म्हणजे सेकंदाला ४४८ जीबी. त्याच बसवर जीडीडीआर ७ या नव्या पिढीच्या मेमरीच्या ३ जीबीच्या चिप लावल्या तर २४ जीबी, ३२० बिटवर ३०. कुणी ठामपणे आकडा सांगितला, तर बस किती बिटची आणि चिप केवढी, एवढं विचाराच.

ऑक्टोबर २०२५ मध्ये प्लेस्टेशनचे मुख्य रचनाकार मार्क सर्नी आणि एएमडीने दाखवलेले रेडियन्स कोअर्स (गेममधल्या प्रकाशाची गणितं करणारे चिपचे भाग) तेव्हा सिम्युलेशनमध्येच होते. ते पीएस ६ चे पक्के स्पेसिफिकेशन नव्हे.

किमतीत सर्रास होणारी चूक म्हणजे डॉलर गुणिले आजचा दर. पीएस ५ अमेरिकेत ४९९ डॉलरला होता. २ फेब्रुवारी २०२१ ला तो भारतात आला ४९,९९० रुपयांना, डॉलर ७३च्या आसपास असताना, म्हणजे नुसत्या गुणाकाराने साधारण ३६,४०० होत असताना. दिवाळीच्या बोनसवर बजेट बसवणाऱ्या घराला हा १३ हजारांचा फरक फार जड जातो. अमेरिकेतल्या किमतीत विक्रीकर नसतो, आपल्या एमआरपीत कस्टम ड्युटी आणि जीएसटी दोन्ही असतात.

जुना झाला की स्वस्त होईल, हेही धरून चालू नका. २०२२ च्या अखेरीस तोच पीएस ५ इथे ५४,९९० झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतही ५४९ डॉलरवर गेला.

आणि लाँच झाला म्हणजे इथे मिळेलच असं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला प्रो भारतात विक्रीला आला नाही, कारण त्याच्या वाय-फायला लागणारा ६ गिगाहर्ट्झचा पट्टा तेव्हा इथे खुला नव्हता. बाहेरून आणलेला कन्सोल घेणार असाल, तर इथे वॉरंटी चालेल का, हे पैसे देण्याआधी विचारून घ्या.