इंग्लंडमधल्या खेड्यातलं व्हिक्टोरियन चर्च पाहताना या चुका टाळा

इंग्लंडला जाणारी आपली माणसं यॉर्क, कँटरबरीची भव्य कॅथीड्रल आवर्जून पाहतात. वाटेतल्या खेड्यातलं चर्च मात्र दोन फोटोंत उरकतात. एकोणिसाव्या शतकातलं इंग्लिश गाव समजून घ्यायचं असेल, तर मला हे छोटं चर्चच जास्त बोलकं वाटतं. फक्त ते नीट पाहायला हवं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे टोकदार कमान दिसली की "सात-आठशे वर्षं जुनं आहे" असं ठरवून मोकळं होणं. व्हिक्टोरिया राणीच्या काळात (1837 ते 1901) मध्ययुगातली टोकदार कमानींची गॉथिक पद्धत मुद्दाम परत आणली गेली. केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी 1839 मध्ये काढलेल्या कॅम्डेन सोसायटीचा तर हट्टच होता, की चर्चला शोभते ती 1300 च्या आसपासची शैली. मग काळ ओळखायचा कसा? दगडाच्या कडा बघा. खिडकीतल्या दगडी जाळीच्या कडा अजून धारदार, खांब सगळे एकसारखे, छपराला तीव्र उतार आणि सगळं एका दमात बांधल्यासारखं, असं असेल तर चर्च बहुधा व्हिक्टोरियन. मध्ययुगीन चर्च तुकड्यातुकड्यानं वाढतं. एका बाजूच्या कमानी गोल, दुसऱ्या बाजूच्या टोकदार आणि मनोरा तिसऱ्याच शतकातला.

तरीही उलगडा होत नसेल, तर जुन्या चर्चची व्हिक्टोरियन काळात मोठी दुरुस्ती झालेली असणार. अशी दुरुस्ती बहुतेक गावांत झाली आहे. तिथे भिंत आणि खिडकी वेगवेगळी तपासा. भिंत तेराव्या शतकातली आणि खिडकी 1860 च्या दशकातली, असं सर्रास आढळतं.

आतला उघडा दगड पाहून "हेच अस्सल रूप" म्हणू नका. मध्ययुगात या भिंतींना गिलावा असे, त्यावर चित्रं रंगवलेली असत. व्हिक्टोरियन दुरुस्तीत कितीतरी ठिकाणी तो गिलावा खरवडून काढला गेला आणि त्याबरोबर ती चित्रंही गेली. याच अतिउत्साहाविरुद्ध विल्यम मॉरिस यांनी 1877 मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. खरवडण्याला विरोध म्हणून तिला 'अँटी-स्क्रेप' हे टोपणनावच पडलं.

मधोमध उभं राहून फोटो काढला की पाहून झालं, असंही नाही. या इमारतीचा सगळा अर्थ तिच्या मांडणीत आहे. आधीच्या शतकात इथे दारं असलेली, पेटीसारखी बंदिस्त बाकं होती. पैसेवाल्यांची जागा राखीव असायची. पश्चिमेच्या गॅलरीत गावकरी व्हायोलिन वाजवत. व्हिक्टोरियन पाद्रींनी ही गॅलरी काढली, सगळ्यांसाठी उघडी बाकं घातली आणि पूर्वेला वेदीपुढचा भाग, म्हणजे चॅन्सेल, खोल केला. गाणारे झगे घालून तिथे बसू लागले, शेजारी ऑर्गन आला. म्हणून दाराजवळच्या बाप्तिस्म्याच्या दगडी पात्रापाशी उभे राहा आणि तिथून वेदीकडे खाली बघत चालत जा. साधी फरशी मागे पडते, दोन रंगांची माती भाजून नक्षी उठवलेल्या फरशा सुरू होतात, पायऱ्या चढतात तशी नक्षी दाट होत जाते. वेदीचं महत्त्व तुमच्या पायांनाच कळतं.

व्हिक्टोरियन म्हणजे काळोखी नक्कल, हा समजही सोडा. यॉर्कशरमधल्या बॉल्डर्सबी सेंट जेम्सला जा. विल्यम बटरफिल्ड या वास्तुरचनाकारानं हे चर्च 1856 ते 1858 दरम्यान उभारलं. बाहेरून शांत दगडी, आत पाऊल टाकलं की उघडी वीट आणि तिच्यात खेळवलेला फिका दगड. मध्ययुगातल्या कुठल्याही खेड्यात असं काही नव्हतं. चर्चपुरतं पाहून परतू नका. शाळा, पाद्रींचं घर, कामकऱ्यांची घरं, सगळी त्याच हातची आहेत. जमीनदाराच्या पैशातून उभं राहिलेलं पुरं गावच समोर असतं.

इंग्लंडला जाणं होणार नसेल, तर कुलाब्याचं अफगाण चर्च बघा. कॅम्डेन सोसायटीच्याच विचारानं बांधलेलं हे चर्च 1858 मध्ये पवित्र करण्यात आलं. आराखडा हेन्री कॉनिबेअर यांचा. मुंबईला पाणी देणाऱ्या विहार तलावाची योजनाही त्यांचीच. आतल्या सजावटीचं बरंच काम याच बटरफिल्डनं आखलं.

शेवटचं, ओलीबद्दल. भिंतीवर ओल दिसली की "बांधकामच कच्चं" असा शेरा मारू नका. आधी पन्हळी तुंबल्यात का ते बघा, मग दगडांमधले सांधे. मूळ सांधे चुन्याचे होते आणि भिंतीतली ओल त्यांतून बाहेर पडायची. नंतर कुणी कडक सिमेंट भरलं असेल तर ती आत कोंडते आणि दगडाचाच पापुद्रा सुटू लागतो. करड्या, टणक सांध्यांभोवती दगड आत खात गेलेला दिसला, तर दोष बहुतेक वेळा त्या सिमेंटचा असतो.