जुन्या स्पोर्ट्स कारला ॲडजस्टेबल शॉकअप बसवण्याआधी

ॲडजस्टेबल, म्हणजे कडकपणा कमी-जास्त करता येणारे, शॉकअप मागवण्याआधीचं काम वही आणि मोजपट्टीचं. गाडी सपाट फरशीवर घ्या, चारी टायरांत गाडीच्या पुस्तकात दिलेली हवा भरा, टाकीत साधारण अर्धं पेट्रोल ठेवा आणि चारी कोपऱ्यांवर चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर लिहून काढा. जमिनीपासून मोजू नका, टायर झिजलेला असला की ते माप फसवतं. एकाच ॲक्सलवर डाव्या-उजव्यात ठळक फरक निघाला तर आधी स्प्रिंग आणि तिची बैठक तपासा. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते, शॉकअप तिची हालचाल आवरतो. बसकी स्प्रिंग तशीच ठेवून वर महागडा शॉकअप चढवणं म्हणजे पैसे वाया, हे मी अगदी स्पष्ट सांगतो.

मग आपल्या गाडीत मुळात काय आहे ते बघा. १९८९ साली आलेल्या पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ ला चारी बाजूंना डबल विशबोन (चाकाला वरून-खालून धरणारे दोन दुहाती आर्म) आहेत आणि स्प्रिंग शॉकअपभोवतीच बसते, त्यामुळे अख्खी जोडणी एकदम बाहेर येते. एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची गोष्ट वेगळी. तिच्यात नळीचे शॉकअप नाहीतच, लिव्हर आर्मचे (तेलाच्या डब्यातून निघालेल्या हाताने चालणारे) आहेत, आणि पुढच्या बाजूला त्याच लिव्हरचे हात वरच्या विशबोनचं काम करतात. तिथे नळीचा शॉकअप जोडला तरी जुनं लिव्हर युनिट काढून टाकता येत नाही. त्याचे बेअरिंग ढिले असतील तर तेही दुरुस्तीला धरा.

पुढे मॅकफर्सन स्ट्रट (चाकाला धरणारा खांब आणि शॉकअप एकत्र) असेल आणि नवा शॉकअप इन्सर्ट प्रकारचा, म्हणजे जुन्या नळीत घालायचा असेल, तर बऱ्याचदा मूळ स्ट्रटची नळी कापावी लागते. आतलं तेल काढायचं, नळी सांगितलेल्या उंचीवर कापायची, तळाला भोक पाडून तिथून बोल्टने नवा इन्सर्ट आवळायचा. जुन्या स्ट्रटमध्ये गॅसचा दाब असू शकतो, म्हणून आधी छोटं भोक पाडून दाब सोडा आणि डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय ड्रिलला हात लावू नका. हे काम घरच्या अंगणात करू नये. बेळगावात उद्यमबागेची औद्योगिक वसाहत असताना कशाला करायचं? हायड्रॉलिक सिलिंडर करणाऱ्या माणसाला नळी सरळ कापणं, कडा साफ करणं आणि तळाचं भोक बरोबर मध्यावर घेणं शिकवावं लागत नाही. फक्त त्याच्या हातात शॉकअपसोबत आलेला मापांचा कागद द्या, तोंडी सांगून येऊ नका. आणि तारीख आधी ठरवा: गणपतीत निम्मे कामगार गावाकडे असतात, खंडेनवमी-दसऱ्याला यंत्रांची पूजा असते, तेव्हा लेथ फिरत नाही.

पार्सल आलं की ॲडजस्टर, म्हणजे कडकपणा बदलायची खुंटी, कुठे आहे ते पाहून घ्या. काहींची खुंटी दांड्याच्या वरच्या टोकाला असते, बॉनेट उघडून फिरवता येते. कोनी कंपनीच्या जुन्या पद्धतीच्या शॉकअपमध्ये मात्र तो गाडीवरून काढून दांडा पूर्ण आत दाबावा लागतो, आतली खाच पकडेपर्यंत हळू वळवावा लागतो, मग सेटिंग बदलतं. असा शॉकअप असेल तर सेटिंग बसवण्याआधीच ठरवायचं आणि डाव्या-उजव्याला अगदी सारखं ठेवायचं. दोन नळ्यांचा (नळीत नळी असलेला) शॉकअप प्रवासात आडवा पडलेला असतो. तो उभा धरून दांडा काही वेळा पूर्ण आत-बाहेर करा, म्हणजे अडकलेली हवा निघते. दांड्याला पक्कड लावू नका. क्रोमवर एक ओरखडा पडला की सील तिथेच कापतं आणि नवा शॉकअप तेल गाळू लागतो.

सोबत मागवायच्या वस्तू लोक विसरतात: वरचे माउंट, बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबताना आधार देणारा फोमचा ठोकळा), धुळीची टोपी, स्प्रिंगखालचं रबर, लिंक रॉड (अँटी-रोल बारला जोडणारी छोटी दांडी) आणि सगळे नायलॉन लॉकचे नट नवे. वीस-तीस वर्षांच्या गाडीत बंप स्टॉपचा फोम हाताला लागताच भुगा होतो. एमएक्स-५ सारख्या गाडीत चाकाला हलायला जागाच कमी आहे, तिथे बंप स्टॉप सस्पेन्शनचा भागच धरावा. तो शॉकअपवाल्याने सांगितलेल्या लांबीचाच घाला.

खानापूर-जांबोटीकडे पावसाळा काढलेली गाडी असेल तर तांबडी माती आणि गंज बोल्टच्या आट्यांत बसलेले असतात. आठवडाभर आधीपासून रोज संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारा. दणदण हातोडा मारून आटे घालवण्यापेक्षा हा आठवडा परवडतो.

हत्यारांत स्प्रिंग कॉम्प्रेसर चांगलाच हवा, दोन्ही हूक समोरासमोर, आणि दाबलेल्या स्प्रिंगच्या टोकासमोर कुणीही उभं राहायचं नाही. जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नका, घोड्या (जॅक स्टँड) लावा. दांड्यावरच्या नटाला इम्पॅक्ट गन चालवू नका. दांडा गरगर फिरतो आणि आतला ॲडजस्टर जातो. ॲलन कीने दांडा धरून रिंग पान्याने नट फिरवा. टॉर्क रेंच उसना मिळाला तरी चालेल, पण तो हवाच. इंग्रजी-अमेरिकन पुस्तकात आकडा फूट-पाउंडात असेल तर १.३५६ ने गुणलं की न्यूटन-मीटर मिळतात. ब्रेक कॅलिपर त्याच्या होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबकळत सोडू नका, तारेने बांधा. नवा शॉकअप जुन्यापेक्षा जास्त लांब उघडत असेल तर चाक पूर्ण खाली लोंबलेलं असताना होज ताणली जात नाही ना, ते पाहा. एका ॲक्सलच्या दोन्ही बाजू एकदम उघडू नका. एक तशीच ठेवली की बघून जोडायला नमुना राहतो.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. रबरी बुशांतून (सांध्यांत बसवलेल्या रबराच्या नळकांड्यांतून) जाणारे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटपर्यंत आवळू नका. बुशचं रबर दोन्ही बाजूंना चिकटवलेलं असतं, ते फिरत नाही, पिळतं. चाक लोंबलेलं असताना आवळलं तर गाडी खाली उतरताच रबराला कायमचा पीळ बसतो. गाडी चुकीच्या उंचीवर उभी राहते, शॉकअपच कडक असल्यासारखी वागते आणि बुश काही महिन्यांत फाटतो. बोल्ट नुसते टेकवून ठेवा, चाकं लावा, रॅम्पवर किंवा भक्कम फळ्यांवर चाकांवर वजन येऊ द्या, गाडी दोन-चारदा दाबून सोडा आणि मग पूर्ण टॉर्क द्या. मिस्त्रीमामा घाईत असतील तर त्यांच्या शेजारी थांबा, पण हे करूनच घ्या.

पहिलं सेटिंग सगळ्यात मऊ ठेवा. कोनीच्या खुंटीने फक्त रिबाऊंड, म्हणजे स्प्रिंग सुटतानाचा अडसर बदलतो; काही कंपन्यांच्या एकाच खुंटीने दोन्ही बाजू बदलतात, हे आधी वाचून घ्या. रिबाऊंड जास्त कडक केला की एका खड्ड्यात दबलेली स्प्रिंग पुढचा खड्डा येईपर्यंत पुरती उघडत नाही. कणकुंबीकडच्या उखडलेल्या रस्त्यावर असे खड्डे ओळीने येतात, गाडी दर खड्ड्याला खाली बसत जाते आणि चाक रस्ता सोडतं. गुळगुळीत ट्रॅकवर खरं वाटणारं सेटिंग चोर्ला घाटात धोक्याचं आहे. म्हणून चाचणीला दोन रस्ते ठेवा: निपाणीकडे जाणारा हायवे, तवंदी घाटाच्या वळणांसह, आणि जांबोटीचा खडबडीत. एका वेळी एकाच ॲक्सलवर, दोन्ही बाजूंना सारखाच, अर्धा फेरा. पूर्ण मऊच्या टोकापासून मोजा, टोकाला खुंटी रेटू नका. हायवेवर उंचवट्यानंतर गाडी एकदा खाली येऊन स्थिर झाली की पुरे.

सगळं बसल्यावर पहिल्या दिवशीची चार मापं पुन्हा घ्या. गॅसचे शॉकअप गाडी थोडी उचलतात. उंची बदलली असेल किंवा स्ट्रटचे खालचे दोन बोल्ट सोडले असतील तर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) लगेच करून घ्या. दोन-तीनशे किलोमीटरनंतर वरच्या माउंटचे नट आणि लिंक रॉड पुन्हा टॉर्कला लावा, चाकाच्या आतल्या बाजूला टायर किंवा होज घासल्याची खूण आहे का ते टॉर्च घेऊन बघा.