नवोदयची परीक्षा, पोराचा हात अन् सायकलची ट्यूब

आमच्या पोराचा उजवा हात जन्मापासून नीट चालत नाही, पण गणितात डोकं लय तेज, म्हणून सहावीसाठी नवोदयचा, म्हणजे सरकारी निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरला. प्रश्न 80, टाइम 2 तास. घरी पेपर सोडवायला बसवला तं उत्तरं सगळी येत होती पण ओएमआरचे (उत्तरपत्रिकेवरचे) गोल काळे करता करताच हात आखडायचा अन् शेवटचे 15-20 प्रश्न राहूनच जायचे, मी उगाच पोरावर चिडलो. मग माहितीपत्रक पुन्हा वाचलं, त्यात दिव्यांग मुलांना सर्टिफिकेटवर 40 मिनिटं जादा! अन् फॉर्म भरणाऱ्यानं दिव्यांगच्या रकान्यात 'नाही' करून ठेवलं होतं बाप्पा. नशीब, दुरुस्तीची लिंक सुरू झाली तेव्हा बदलून घेतलं, प्रिंट सर्टिफिकेटसोबत पिशवीत ठेवली.

पेनाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, पकड जाड झाली, हात कमी आखडते. दर रविवारी कापूस वेचून आलो की मोबाईलवर 2 तास 40 मिनिटं लावतो, प्रश्न सुटला की लगेच गोल, शेवटी एकदम नाही. परवा पहिल्यांदा 80 च्या 80 झाले, 11 चुकले.