नेदरलँड्सला चाललात? अर्धी तयारी मुंबईतच उरका

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत अधूनमधून कोणाचा तरी मुलगा नाहीतर सून नेदरलँड्सला निघते आणि मग संध्याकाळी बेल वाजते, "ताई, दहा मिनिटं आहेत का?" मी द हेगला चार वर्षं राहून आलेय ना, म्हणून. दहा मिनिटांत काही होत नाही ते, आणि घाईत नेमकं महत्त्वाचं सांगायचं राहून जातं, म्हणून एकदाच नीट लिहून काढतेय.

पहिली गोष्ट, तिथे सगळं तुमच्या राहत्या पत्त्यावर अडलेलं असतं. पत्ता असेल तर खेमेन्तेत, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत नोंदणी होते, नोंदणी झाली की बीएसएन नंबर (आपल्या आधारसारखा तिथला ओळख क्रमांक) मिळतो, आणि तो असला की पगार, विमा, डॉक्टर, डिजिडी (सरकारी साइट्सचं लॉगिन) सगळं एकामागून एक मार्गी लागतं. डिजिडीचा अ‍ॅक्टिव्हेशन कोडसुद्धा पोस्टाने त्याच नोंदवलेल्या पत्त्यावर येतो. चार महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर पोचल्यापासून ५ दिवसांत नोंदणीसाठी जायचं असतं, तेव्हा अपॉइंटमेंटचं आधीच बघा. अपॉइंटमेंटशिवाय तिथे काहीच होत नाही, नुसतं जाऊन रांगेत उभं राहणं विसरा.

या नोंदणीला जन्माचा दाखला मागतात आणि इथेच आपली मुलं अडकतात. महापालिकेचा जुना दाखला काढून बघा, बऱ्याच जणांच्या दाखल्यावर आईवडिलांची नावं असतात पण बाळाच्या नावाची जागा कोरीच असते. तसं असेल तर आधी वॉर्ड ऑफिसला जाऊन नाव चढवून घ्या, इंग्रजी मजकूर असलेली नवी कॉपी घ्या, मग राज्य सरकारचं अटेस्टेशन आणि त्यानंतर परराष्ट्र खात्याचा अपॉस्टिल (कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून लागणारा शिक्का). लग्न झालं असेल तर मॅरेज सर्टिफिकेटचंही हेच. हे सगळं तिथे बसून आईबाबांना धावपळ करायला लावण्यापेक्षा निघायच्या दोन महिने आधी स्वतः करा, प्लीज.

आता घर. खोली बघताना भाड्याच्याही आधी एकच विचारा, या पत्त्यावर नोंदणी करता येईल का. मी पहिली खोली घाईत घेतली, मालक नंतर म्हणाला नोंदणी नाही चालणार, आणि दीड महिना माझं एकही काम पुढे सरकलं नाही, शेवटी दुसरी जागा शोधली. घर न बघता, व्हिडिओ कॉलसुद्धा न करता कोणी डिपॉझिट मागितलं तर एक पैसा पाठवू नका, फसवणूक खूप चालते. १ जुलै २०२३ नंतरच्या करारांना डिपॉझिट मूळ भाड्याच्या दुप्पटीपेक्षा जास्त घेता येत नाही, हेही लक्षात ठेवा. जाहिरातीत 'काल' (डच शब्द, म्हणजे उघडंबोडकं) लिहिलं असेल तर घर खरंच उघडं असतं, दिवे नाहीत, पडदे नाहीत, बऱ्याचदा जमिनीवर फ्लोअरिंगसुद्धा नाही, आधीचा भाडेकरू उचलून घेऊन जातो! नवीन माणसाने 'खेमेउबिलेर्ड' म्हणजे फर्निचरसकट बघावं.

नोकरीवर जाणाऱ्यांनी दोन गोष्टी चार महिन्यांच्या आत करायच्या. एक हेल्थ इन्शुरन्स, उशीर केला तरी हप्ता मागच्या तारखेपासून भरावाच लागतो. दुसरं, ३० टक्के रुलिंगला (बाहेरून आलेल्या कुशल नोकरदारांना पगाराच्या काही भागावर मिळणारी करसवलत) पात्र असाल तर कंपनीकडून तो अर्ज करून घ्या, उशिरा केलात तर मधल्या महिन्यांचा फायदा हातचा जातो. नुसतं शिकायला जाणाऱ्यांचे विम्याचे नियम वेगळे आहेत, पण पार्टटाइम नोकरी धरली की डच विमा लागतो.

डॉक्टरचं आपल्यापेक्षा अगदी वेगळं आहे. इथे आपण सरळ स्पेशालिस्टकडे जातो, तिथे आधी हाउसआर्ट्स, म्हणजे घराजवळचा फॅमिली डॉक्टर, आणि त्याने चिठ्ठी दिली तरच पुढे. बरे असतानाच त्याच्याकडे नाव घाला. साध्या तापाला पॅरासिटॅमॉल आणि आराम एवढंच सांगतील, त्याने चिडू नका, पण खरंच त्रास असेल तर स्पष्ट आणि ठामपणे सांगा, तिथे भिडेखातर गप्प बसणाऱ्याला बरं आहे असंच समजतात. वर्षाच्या उपचारखर्चातले पहिले ३८५ युरो विमा असूनही आपल्या खिशातून जातात, हाउसआर्ट्सकडे जाणं मात्र त्यात धरत नाहीत. रात्री-रविवारी हाउसआर्ट्सपोस्टला आधी फोन करायचा, जिवावर बेतलं तर ११२.

सायकल सेकंडहँड घ्या आणि दोन कुलुपं घ्या. गाड्या उजव्या बाजूने चालतात, आपली सवय डावीची, म्हणून पहिले दोन रविवार सकाळी रिकाम्या रस्त्यावर सराव करा. रस्त्यावर पांढरे त्रिकोण रंगवलेले असतील आणि टोकं तुमच्याकडे असतील तर थांबून समोरच्याला जाऊ द्यायचं. अंधारात पुढे-मागे दिवा हवाच, आणि २०१९ पासून सायकल चालवताना मोबाइल हातात धरला तर दंड. ट्रेन-ट्रॅमला बँकेच्या कार्डाने चेक-इन होतं, उतरताना चेक-आउट विसरू नका, जास्तीचे पैसे कापतात.

बॅगेत तूप, पेढे, श्रीखंड भरू नका, दूध आणि मांसाचे पदार्थ भारतातून न्यायला बंदी आहे, हापूस आणि ताजा कढीपत्ताही सर्टिफिकेटशिवाय चालत नाही. गोडा मसाला, मेतकूट, कोकम, कुळथाचं पीठ न्या. कुकर इंडक्शनवर चालणाराच न्या, साधा अ‍ॅल्युमिनियमचा बऱ्याच घरांत निरुपयोगी ठरतो. भाजीसाठी द हेगला असाल तर हाख्स मार्क्ट, सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार. कारल्याला तिथे सोप्रोपो म्हणतात, भेंडीला ओकर, चवळीच्या लांब शेंगांना काउसबांड. ही नावं सुरिनामी लोकांची (सुरिनाम म्हणजे दक्षिण अमेरिकेतली जुनी डच वसाहत), त्यातले बरेच जण १८७३ पासून कलकत्त्याहून मजूर म्हणून तिथे नेलेल्या माणसांची नातवंडं-पतवंडं, त्यातल्या म्हाताऱ्या बायका भोजपुरीसारखं बोलतात. मी हिंदीत विचारलं तर एका आजींनी माझा हात धरून ठेवला होता, आणि त्या दिवसापासून मला ते शहर परकं वाटेनासं झालं.

डिसेंबरात सूर्य पावणेनऊला उगवतो आणि साडेचारला मावळतो, तेव्हा दुपारी जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडाच. छत्री वाऱ्यात टिकत नाही, रेनसूट घ्या. आईवडील राहायला आले तर त्यांना आधीच सांगून ठेवा की दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी १२ ला संकटाच्या इशाऱ्याचे भोंगे वाजतात, फक्त चाचणी असते, माझी आई एकटी घरात होती आणि फार घाबरली होती.

आणि कायमचं परत यायचं ठरलं तर निघण्याआधीच्या ५ दिवसांत खेमेन्तेतून नाव कमी करून घ्या आणि त्याचा कागद मागून घ्या, विमा बंद करायला तोच लागतो.