नक्षीच्या टाइल्स: मिस्त्री येण्याआधीचं काम

दुकानात एकटी उभी केलेली नक्षीची टाइल बहुधा देखणीच दिसते. तीच भिंतभर लागली की कधी कधी डोळ्यांना खुपायला लागते. म्हणून दुकानात जाण्याआधी नक्षी नेमकी कुठे आणि किती हवी ते ठरवा. ओट्यामागची पट्टी, न्हाणीघरातली एकच भिंत, जिन्याच्या पायऱ्यांचे उभे भाग, अशा बेताच्या जागेत ती खुलते. बाकीच्या भागाला साधी टाइल घ्या, तिचा रंग नक्षीतल्याच सगळ्यात फिक्या रंगाशी जुळणारा. दोन वेगवेगळ्या नक्षी शेजारीशेजारी लावायचा मोह मी तरी टाळेन.

मग माप. समजा भिंत ३ मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच आहे, म्हणजे ७.२ चौरस मीटर. ३०० बाय ६०० मिलिमीटरची एक टाइल ०.१८ चौरस मीटर जागा घेते, म्हणजे ४० टाइल्स. तुटफूट आणि कापाकापीसाठी १० टक्के जास्त धरल्या की ४४. तिरक्या मांडणीत १५ टक्के धरा. खोक्यात पाच येत असतील तर नऊ खोकी. नक्षी एकाच टाइलमध्ये पूर्ण होत नसेल, चार टाइल्स मिळून एक फूल होत असेल, तर कडेला किती फुलं अर्धी राहतील तेही याच वेळी मोजून ठेवा.

दुकानातून नमुना आणताना एक नको, चार मागा. घरी त्या जमिनीवर नाही, जिथे लागणार आहेत तिथेच टेकवून उभ्या करा आणि सकाळच्या उजेडात एकदा, रात्री दिव्याखाली एकदा बघा. दुकानातल्या झगझगीत प्रकाशात मोतिया वाटलेला रंग घरी पिवळट निघू शकतो.

त्यातलीच एक टाइल उलटी करून पाठीवर पाण्याचे चार थेंब टाका. थेंब पटकन मुरले तर ती सच्छिद्र सिरॅमिक. तिची जागा भिंतीवर. तसेच राहिले तर पोर्सिलेन किंवा व्हिट्रिफाइड. पोर्सिलेन स्वतःच्या वजनाच्या ०.५ टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पीत नाही, भिंतीच्या सिरॅमिक टाइलमध्ये हे प्रमाण सहसा १० टक्क्यांच्या वर असतं. ही परीक्षा लक्षात ठेवा, पुढे लागेल. जमिनीसाठी घेत असाल तर माहितीपत्रकात दोन आकडे शोधा. चकाकी किती झीज सोसते ते पीईआय श्रेणीत कळतं. घरातल्या फरशीला ३ किंवा ४ असावी. घसरण्याबद्दलची श्रेणी आर ९ ते आर १३ अशी चढत जाते. ओल्या जागेत आर १० च्या खाली मी उतरणार नाही, नक्षी कितीही आवडली तरी.

खरेदीत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट खोक्यावर छापलेली असते: बॅच किंवा शेडचा क्रमांक. सगळ्या खोक्यांवर तो एकच हवा, आणि मापाचा क्रमांकही. मी एकदा तीन टाइल्स कमी पडल्या म्हणून नंतर त्याच नावाच्या, पण दुसऱ्या लॉटमधल्या आणल्या. त्या तीन अजूनही आमच्या न्हाणीघरात दाराआडून ओळखू येतात. माल उतरवून घेतानाच खोकी उघडा. दोन टाइल्स तोंडाला तोंड लावून धरल्या की मध्ये फट किती राहते त्यावरून बाक कळतो. लांबट टाइल्समध्ये थोडा बाक असतोच. म्हणून विटांसारखी मांडणी करताना सांधा अर्ध्यावर न घेता एक तृतीयांशावर घ्यावा, कडा वरखाली दिसत नाहीत.

आता भिंत. गिलावा ठोकून बघा; बद्द वाजला तर तेवढा काढून नवा करा आणि तो पुरता वाळू द्या. सुटणारा रंग खरवडून काढा. दोन मीटरची सरळ पट्टी आणि ओळंबा लावा. साध्या टाइलमध्ये भिंतीचा बाक लपून जातो; नक्षीच्या रेघा मात्र तो लगेच दाखवतात.

त्यानंतर सुकी मांडणी, आणि इथे घाई करू नका. तीन-चार खोक्यांतल्या टाइल्स मिसळा आणि जमिनीवर पसरा. भिंतीचा मध्य काढा. १.३ मीटरच्या भिंतीवर २०० मिलिमीटरच्या टाइल्स मध्यावर सांधा ठेवून लावल्या तर दोन्ही कडांना जेमतेम ५ सेंटिमीटरच्या चिपा येतात. तीच मांडणी अर्धी टाइल सरकवून, टाइलचा मध्य भिंतीच्या मध्यावर आणला, की कडेचे तुकडे १५ सेंटिमीटरचे होतात. नळ आणि बटणांच्या जागा आत्ताच बघा, नाहीतर भोक नेमकं फुलाच्या डोळ्यात पडतं. मांडणी मनासारखी झाली की वरून फोटो काढा आणि पाठीवर पेन्सिलीने क्रमांक टाका.

मघाची पाण्याची परीक्षा आता उपयोगी पडते. सिमेंटच्या मसाल्यावर लावायच्या सिरॅमिक टाइल्स आधी पाण्यात बुडवून ठेवतात, बुडबुडे थांबले की काढून निथळवतात. नाहीतर कोरडी टाइल मसाल्यातलं पाणी ओढून घेते. पोर्सिलेन भिजवून काही मिळत नाही, तिला चिकटवण्याचं ॲढेसिव्ह लागतं. तिच्या पाठीवर पांढरी भुकटी असेल तर ओल्या फडक्याने पुसून वाळवा, कारण पकड तिथेच सुटते. दाबून घडवलेल्या, न भाजलेल्या सिमेंटच्या नक्षीदार टाइल्सची गोष्ट वेगळी: सांधे भरण्याआधी त्यांच्यावर सीलर, म्हणजे छिद्रं बुजवणारा द्रव, लावावाच लागतो, नाहीतर ग्राउटचा, म्हणजे सांध्यात भरायच्या मसाल्याचा, रंग नक्षीत मुरून बसतो. आणि त्यांना आम्लाचं क्लीनर कधीच लावू नका.

ग्राउटचा रंग डबीवरून निवडू नका. टाकाऊ फळीवर दोन टाइल्स चिकटवून सांधा भरा आणि वाळू द्या. ओला असताना दिसतो त्यापेक्षा तो फिका होतो. नक्षीत गडद रेघा असतील तर गडद ग्राउट त्यांच्याशी भांडतो, असा माझा अनुभव आहे.

मिस्त्री आले की फोटो त्यांच्या हातात द्या, आणि पहिली ओळ लागेपर्यंत तिथेच उभे राहा. पाठीवर बाण असतील तर ते सगळे एकाच दिशेला आहेत ना, तेवढं बघा. दुसऱ्या दिवशी चूक काढायची तर टाइल फोडावी लागते.