गूगलवर आपली जाहिरात वर कशी आणावी आणि बोली किती लावावी

घोडबंदर रोडला एसी दुरुस्तीचं दुकान टाकणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "गूगलवर सगळ्यात वर यायला किती पैसे लागतील?" पण तिथे पहिल्या जागेचं ठरावीक भाडं नसतं. माजिवड्यात कुणी "एसी सर्व्हिस ठाणे" असं शोधलं की त्या एका शोधापुरता लिलाव होतो आणि क्षणात संपतो. दुसऱ्याने तेच शब्द टाकले की लिलाव पुन्हा नव्याने. सकाळी वर असलेली जाहिरात दुपारी खाली दिसली, तर त्यात कुणाची लबाडी असेलच असं नाही.

आधी क्लिकची किंमत काढा

पैसे जाहिरातीवर क्लिक झालं तरच जातात, आणि बोली म्हणजे एका क्लिकसाठी जास्तीत जास्त किती द्यायची तुमची तयारी. तो आकडा शेजारच्या दुकानदाराला विचारून ठरवू नका. मेकॅनिकचा पगार, पेट्रोल, सामान वजा जाता एका सर्व्हिसिंगमागे समजा ४०० रुपये सुटतात आणि क्लिक करणाऱ्या दहा जणांपैकी एक काम देतो. मग क्लिकला ४० रुपये मोजलेत तर हातात काहीच उरत नाही. निम्मे तरी उरावेत असं वाटत असेल तर तुमची मर्यादा २० रुपये. दहातला एक हा आकडा मी उदाहरणापुरता घेतला आहे. तुमचा खरा आकडा काढायला फोन घेणाऱ्याच्या टेबलावर वही ठेवा आणि प्रत्येकाला "नंबर कुठून मिळाला?" एवढं विचारायला सांगा. गूगल ॲड्सच्या खात्यात (जिथून जाहिरात चालवायची तिथे) कॉलची नोंद ठेवायची सोय आहे, तीही पहिल्याच दिवशी चालू करा.

लिलाव चालतो कसा

जास्त बोली लावणारा वर, असं सरळ गणित नाही. क्रम ठरतो ॲड रँकवर. त्यात बोली असते, जाहिरातीचा आणि क्लिकवर उघडणाऱ्या पानाचा दर्जा असतो. शिवाय शोधणारा कुठे आहे, मोबाइलवर आहे का, किती वाजलेत हेही मोजलं जातं. खरं सूत्र गुंतागुंतीचं आहे, पण समजण्यापुरता बोली आणि दर्जाचा गुणाकार धरू.

तीन दुकानं घ्या. पहिल्याची बोली ४० रुपये, दर्जा ४: गुणाकार १६०. दुसऱ्याची २५ रुपये, दर्जा ८: २००. तिसऱ्याची ३० रुपये, दर्जा ५: १५०. म्हणजे २५ रुपयेवाला सगळ्यात वर. आता पैसे बघा. आपल्या खालच्याला मागे टाकायला लागतील तेवढेच द्यायचे असतात. वरच्या दुकानाला १६० भागिले ८, म्हणजे साधारण २० रुपये पडतात. दुसऱ्या जागेवरच्याला १५० भागिले ४, म्हणजे साडेसदतीस. खालची जागा आणि जवळपास दुप्पट पैसे! बोली वाढवत बसणाऱ्यांनी हा हिशेब एकदा स्वतःच्या हाताने मांडून बघावा.

मग दर्जा वाढवायचा कसा

गूगल तीन गोष्टी बघतं: लोक क्लिक करतील का, जाहिरात शोधाला धरून आहे का आणि उघडणारं पान कामाचं आहे का. कीवर्डच्या (ज्या शब्दांच्या शोधावर जाहिरात लावायची त्यांच्या) यादीत क्वालिटी स्कोअर, म्हणजे दर्जाचा आकडा, १ ते १० मध्ये दिसतो आणि या तिन्हींपैकी दुखणं कुठे आहे तेही कळतं. हा आकडा जसाच्या तसा लिलावात जात नाही, तो फक्त निदानासाठी आहे.

कासारवडवलीतल्या बाईंनी "एसी गॅस भरणे घोडबंदर रोड" शोधलं. समोर जाहिरात आली "सर्व प्रकारची इलेक्ट्रिक कामे", आणि क्लिक केल्यावर उघडलं दुकानाचं मुखपृष्ठ: मागच्या गणपतीच्या शुभेच्छा, सरकणारे फोटो, फोन नंबर पार तळाला. त्या परत फिरणारच, आणि क्लिकचे पैसे मात्र गेले. गॅस भरण्यासाठी वेगळा ॲड ग्रुप (कीवर्ड आणि जाहिरातींचा गट) करा, तेच शब्द मथळ्यात आणा आणि पानावर वरतीच दर, भाग आणि फोनचं बटण ठेवा. पान मोबाइलवर चटकन उघडलं पाहिजे.

जाहिरात कुणाला दिसू नये

इथे सगळ्यात जास्त पैसा गळतो. "एसी ठाणे" हा कीवर्ड ब्रॉड मॅचमध्ये (दूरचे संबंधित शोधही धरणारा प्रकार) टाकलात तर "ठाणे एसी लोकल टाइमटेबल" शोधणाऱ्यालाही तुम्ही दिसू शकता. लोकांनी नेमकं काय शोधलं ते दाखवणारा सर्च टर्म्सचा अहवाल दर आठवड्याला उघडा आणि लोकल, नोकरी, कोर्स, रिमोट असे शब्द निगेटिव्ह कीवर्डमध्ये टाका, म्हणजे त्या शोधांवर जाहिरात लागणार नाही. सुरुवातीला फ्रेज (शोधात तुमच्या शब्दांचा अर्थ असलाच पाहिजे) आणि एक्झॅक्ट मॅच (शोधाचा अर्थ नेमका तोच) पुरे.

लोकेशनच्या सेटिंगमध्ये त्या भागात "रस असलेले" लोकही आपोआप धरलेले असतात. ते काढून फक्त तिथे असणारे ठेवा. कापूरबावडीपासून १० किलोमीटरचं वर्तुळ काढलंत तर मुलुंड येतं, खाडीपलीकडचं ऐरोली येतं आणि येऊरचं जंगलही. बिबट्यांना एसी लागत नाही, आणि ऐरोलीचा कॉल घेतलात तर मेकॅनिक संध्याकाळी विटाव्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकणार. दोन-तीन लहान वर्तुळं बरी.

बोली लावा आणि आकडे वाचा

नवीन खात्यात मॅक्सिमाइझ क्लिक्स (बजेटात जास्तीत जास्त क्लिक आणणारी बोलीची पद्धत) निवडून कमाल सीपीसीची, म्हणजे एका क्लिकच्या किमतीची, मर्यादा घाला. मर्यादा म्हणजे वर काढलेले २० रुपये. मर्यादा रिकामी सोडू नका. कॉलच्या नोंदी पुरेशा जमल्या की कन्व्हर्जनवर, म्हणजे क्लिकऐवजी आलेल्या कॉलवर, चालणाऱ्या पद्धतीकडे जा. दिवसाचं बजेट ५०० ठेवलंत तरी एखाद्या दिवशी १,००० पर्यंत जाऊ शकतात, घाबरू नका. महिन्याचा खर्च बजेटच्या ३०.४ पटीच्या वर जात नाही. १८ टक्के जीएसटी मात्र हिशेबात वेगळा धरा.

जाहिरात सरासरी कितव्या जागेवर आली ते सांगणारा सरासरी पोझिशन हा जुना आकडा २०१९ च्या सप्टेंबरमध्ये बंद झाला. आता दोन टक्केवाऱ्या बघायच्या: जाहिरात दिसली तेव्हा किती वेळा वरच्या जाहिरातींत होती, आणि किती वेळा अगदी पहिली. पण मला विचाराल तर त्याआधी सर्च लॉस्ट इम्प्रेशन शेअर बघा, म्हणजे जाहिरात दिसू शकली असती पण दिसली नाही त्याची टक्केवारी. त्यात संधी बजेटमुळे हुकली की रँकमुळे, हे वेगवेगळं दिसतं. बजेटमुळे हुकत असेल आणि तुम्ही बोली वाढवलीत, तर क्लिक महाग होतील आणि दुपारपर्यंत पैसे संपतील. अशा वेळी उलट बोली थोडी उतरवा किंवा दुकान बंद असतानाचे तास वगळा. रँकमुळे हुकत असेल तर आधी जाहिरात आणि पान सुधारा, बोलीला हात शेवटी.

आणि आपली जाहिरात दिसते का हे बघायला दिवसातून दहा वेळा स्वतःच शोधू नका. क्लिक न करता नुसतं पाहिल्याने जाहिरात पाहणाऱ्यांपैकी क्लिक करणाऱ्यांचं तुमचंच प्रमाण घटतं. त्यासाठी खात्यातच ॲड प्रिव्ह्यू अँड डायग्नोसिस नावाचं साधन आहे. त्यात ठिकाण ठाणे निवडलं की जाहिरात लागते का, आणि लागत नसेल तर का, हे कळतं.