क्रीडापोषणाचा अभ्यास: गाडी अडते ती भातापाशी

स्पोर्ट्स न्यूट्रिशनला प्रवेश घेतलेल्यांचे पहिल्या महिन्यातले प्रश्न ठरलेले असतात. क्रिएटिन कधी, व्हे किती, कॅफीन चालतं का? या तिन्ही सप्लिमेंटची उत्तरं पाठ्यपुस्तकाच्या दोन पानांत मावतात. दोन वर्षं हात घासायचा आहे तो वेगळ्याच कामावर, आणि ते इतकं साधं दिसतं की वर्गात त्यावर एक तास घेऊन पुढे जातात. समोरच्या खेळाडूनं काल नेमकं काय आणि किती खाल्लं, हे ग्रॅममध्ये काढणं म्हणजे ते काम.

आधी थोडं वर्गाबद्दल. गृहविज्ञानातून आलेल्यांना आहारगणनेची सवय असते, पण व्यायामशरीरशास्त्र सुरू झालं की धाप लागते. बी.पी.एड. किंवा फिजिओथेरपी करून आलेल्यांचं नेमकं उलट. जीवरसायनशास्त्र दोघांनाही छळतं. ग्लायकोलिसिसच्या दहा पायऱ्या परीक्षेनंतर विसरलात तरी काही बिघडत नाही. पण श्वसन गुणोत्तर (सोडलेला कार्बन डायऑक्साइड भागिले वापरलेला ऑक्सिजन) ०.७ च्या जवळ असताना शरीर मुख्यतः चरबी जाळतं आणि ते १.० कडे सरकलं की कर्बोदकं, हे कोऱ्या कागदावर आलेख काढून समजावता आलं पाहिजे. तसंच १ मेट, म्हणजे शांत बसलेल्या माणसाचा ऊर्जाखर्च, म्हणजे दर किलो वजनामागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर ऑक्सिजन, ढोबळमानानं तासाला किलोमागे १ किलोकॅलरी. एवढं पक्कं असेल तर पहिलं सत्र निभतं.

शिफारशींचे आकडेही अवघड नाहीत. रोज तासभर मध्यम सराव करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे ५ ते ७ ग्रॅम कर्बोदकं, १ ते ३ तास दमछाक करणाऱ्याला ६ ते १०, ४-५ तासांहून जास्त वेळवाल्याला ८ ते १२. प्रथिनं दिवसाला किलोमागे १.२ ते २ ग्रॅम, एका वेळच्या जेवणात साधारण ०.३ ग्रॅम. लांब शर्यतीत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. अडीच तासांपुढे ९० पर्यंत जाता येतं, पण ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मिळून, कारण आतड्यात दोघांचे वाहक वेगळे आहेत आणि एकट्या ग्लुकोजचा वाहक तासाला ६० ग्रॅमच्या आसपास तुंबतो. हे सगळं एका दुपारी पाठ होतं. पाठ झालं म्हणजे विषय आला असं वाटणारे प्रात्यक्षिकात उघडे पडतात.

आता तो सापळा. आपल्याकडे आहारगणनेचा आधार म्हणजे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं काढलेले २०१७ चे भारतीय अन्नघटक तक्ते. त्यातली धान्यं आणि डाळी कच्च्या आहेत. आकडे १०० ग्रॅम कच्च्या, खाण्यायोग्य भागाचे. खेळाडू सांगतो ते शिजलेलं. ‘दुपारी २०० ग्रॅम भात’ हे वाक्य ऐकून तुम्ही तक्त्यातला तांदूळ उघडलात, २ नं गुणलंत, की ७१२ किलोकॅलरी कागदावर आल्या. खरं तर त्या २०० ग्रॅम भातात तांदूळ जेमतेम ७० ग्रॅम, म्हणजे सुमारे २५० किलोकॅलरी. एका ताटात साडेचारशेचा घोळ, आणि बेरीज मात्र अगदी नीटनेटकी दिसते.

डाळीत तर आणखी फसायला होतं. तूरडाळीत १०० ग्रॅममागे साधारण २१.७ ग्रॅम प्रथिनं. १५० ग्रॅमची वरणाची वाटी म्हणून ३२ ग्रॅम प्रथिनं लिहिणारे विद्यार्थी दर वर्षी निघतात. घरच्या घट्ट वरणाच्या वाटीत डाळ २५ ते ३० ग्रॅम असते, म्हणजे प्रथिनं सहाच्या आसपास. मेसच्या वरणात त्याच्या निम्मी. मेसमध्ये जेवणाऱ्या मुलाला ‘डाळ खातोस ना, मग प्रथिनं भरपूर’ असं सांगून मोकळं होणं हा निव्वळ निष्काळजीपणा आहे.

यावर उपाय एकच, आणि त्याला कुठलंही ॲप पर्याय नाही. १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकाचा वजनकाटा घ्या. रिकाम्या पातेल्याचं वजन लिहा. २०० ग्रॅम तांदूळ घ्या, नेहमीसारखा भात करा, पातेल्यासकट पुन्हा तोला. पातेलं वजा जाता ५६० ग्रॅम भात आला, तर गुणक ५६० भागिले २००, म्हणजे २.८. ताटात १८० ग्रॅम भात असेल तर १८० भागिले २.८, म्हणजे ६४ ग्रॅम तांदूळ. तक्त्यात हा ६४ घालायचा. जुना तांदूळ जास्त पाणी पितो आणि कुकरचा भात नि पाणी काढून टाकलेला, वेळलेला भात वेगळा, म्हणून ज्या घरचं जेवण, त्या घरचा गुणक. वरणाचंही तसंच. १०० ग्रॅम डाळीचं ५५० ग्रॅम वरण झालं तर १५० ग्रॅमच्या वाटीत डाळ २७ ग्रॅम.

पोळी-भाकरीला गुणकाची भानगडच नको. अर्धा किलो कणकेच्या किती पोळ्या झाल्या ते विचारा. सोळा झाल्या तर एका पोळीत ३१ ग्रॅम पीठ. भाकरीलाही हाच हिशेब. तेलासाठी ‘किती चमचे घालता?’ हा प्रश्न बाद. सोमवारी तेलाची बाटली तोला, पुढच्या सोमवारी पुन्हा तोला, फरकाला सात दिवसांनी आणि खाणाऱ्या माणसांनी भागा. तळणाचं उरलेलं तेल वजा करायला विसरू नका.

याच तक्त्यांत आणखी दोन काटे आहेत. ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे. तांदळापुढे १४९१ दिसेल, त्याला ४.१८४ नं भागल्यावर ३५६ किलोकॅलरी मिळतात. घाईत १४९१ तसेच उतरवले तर चूक निदान डोळ्यांत भरते. दुसरा काटा लपलेला आहे. या तक्त्यांत कर्बोदकांच्या आकड्यातून तंतू वगळलेले असतात. अमेरिकी तक्त्यांवर चालणाऱ्या ॲपमध्ये एकूण कर्बोदकांत तंतू धरलेले असतात. गव्हाच्या पिठात इथं सुमारे ६४ ग्रॅम कर्बोदकं आणि वेगळे ११ ग्रॅम तंतू आहेत. अर्धा दिवस एका स्रोतावरून आणि उरलेला दुसऱ्यावरून मोजलात तर त्या बेरजेला अर्थ राहत नाही. स्रोत एक निवडा आणि अहवालात त्याचं नाव लिहा.

एवढा काथ्याकूट कशासाठी, ते या उदाहरणावरून बघा. वजन ५२ किलो, शरीरात चरबी २० टक्के अशी एक धावपटू धरा. चरबीविरहित वजन ४१.६ किलो. खाणं १९०० किलोकॅलरी, सरावाचा खर्च ६००. ऊर्जा उपलब्धता, म्हणजे सरावाचा खर्च जाऊन चरबीविरहित वजनाच्या दर किलोमागे उरलेली ऊर्जा, इथं १३०० भागिले ४१.६, सुमारे ३१ किलोकॅलरी. पुरेशी मानतात ती ४५ च्या आसपास, आणि ३० च्या खाली धोका. म्हणजे ही मुलगी काठावर आहे. आता भाताच्या चुकीनं तिच्या खाण्यात ४६० किलोकॅलरी जास्त धरल्या, तर उत्तर येतं ४२. कागदावर सगळं आलबेल. तिची पाळी तीन महिने चुकलेली असते, नडगी दुखत असते, आणि तुमचा अहवाल म्हणतो आहार समाधानकारक. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ मध्ये ज्याला ‘रेड-एस’ (खेळाडूतली सापेक्ष ऊर्जातूट) हे नाव दिलं ते दुखणं असं वाटीत बुडून जातं.

सरावाचा खर्च काढतानाही नीट बघा. १० मेटनं तासभर धावणं म्हणजे ५२ किलोला ५२० किलोकॅलरी, पण त्या तासात ती नुसती बसली असती तरी ५२ खर्च झाल्याच असत्या. त्या वजा करून ४६८ धरायच्या. आणि वजन स्थिर आहे म्हणजे ऊर्जा पुरते आहे, हा समज सोडा. शरीर काटकसर करून वजन टिकवतं. म्हणून पाळी, झोप, वारंवार होणारी सर्दी, हाडांची दुखणी हे विचारायलाच हवं. संकोच वाटतो, तो सुरुवातीला सगळ्यांनाच वाटतो, सरावानं जातो.

मोजमापाच्या प्रात्यक्षिकाला घाबरणारे बरेच असतात. तिथं मात्र धीर धरा, हा हाताचा सराव आहे, बुद्धीचा नाही. त्वचेची घडी उजव्या बाजूला घ्यायची, कॅलिपर बोटांपासून १ सेंटिमीटरवर लावायचा, कॅलिपरची कळ सोडून त्याचा पूर्ण दाब बसल्यावर दोन सेकंदांनी वाचायचं. आयसॅक या शरीरमापनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा पहिला स्तर केलात तर नंतर २० जणांची मोजमापं करून द्यावी लागतात, आणि हात बसतो तो त्यातच. घड्यांची बेरीज मिलिमीटरमध्येच ठेवा. टक्क्यांत बदलणारी समीकरणं बहुतेक परदेशी लोकांवर बेतलेली आहेत. वरच्या उदाहरणातले २० टक्केही त्यामुळे थोडे इकडेतिकडे होऊ शकतात, हे अहवालात लिहायला लाजू नका. जिममधल्या यंत्रावर उभं राहून मिळालेला टक्का पाणी प्यायल्यानंही हलतो.

घामाचा दर काढणं त्या मानानं सोपं. सरावाआधी कमी कपड्यांत वजन, नंतर अंग पुसून वजन, मधे प्यायलेलं पाणी मिळवा, लघवी वजा करा, तासांनी भागा. ६० किलोचा ५९.१ झाला, अर्धा लिटर प्यायला, वेळ ७५ मिनिटं, तर दर तासाला १.१ लिटर. बालेवाडीत मे महिन्यात काढलेला दर डिसेंबरात वापरू नका, एवढं पुरे.

कोल्हापूर-सांगलीकडच्या तालमीत काम करायची संधी मिळाली तर सोडू नका, पण तिथं दूध, तूप, बदाम, थंडाईची टिंगल करायला जाऊ नका. दिवसाला दोनदा घाम गाळणाऱ्या पैलवानाला ती ऊर्जा कुठून तरी हवीच असते. खरी अडचण वजन तोडताना येते. शरीरातल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी बसतं, त्यामुळे कर्बोदकं तोडली की काटा झटकन खाली येतो आणि एक वेळ नीट जेवलं की तितक्याच झटकन वर जातो. आंतरराष्ट्रीय कुस्तीत वजन आता लढतीच्या दिवशी सकाळी होतं, आणि दुसऱ्या दिवशी लढत असेल तर पुन्हा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीआधी १०० ग्रॅमनी अपात्र ठरली, ती या दुसऱ्या वजनाला. पैलवानानं कुठल्या गटात लढावं हा निर्णय हंगामाच्या आधी व्हायला हवा, आणि तो वस्तादाला सोबत घेऊनच होतो. वस्तादाला डावलून दिलेला तक्ता भिंतीवर राहतो.

सप्लिमेंटबद्दल स्पष्टच सांगायचं तर विद्यार्थी असताना कुणालाही डबा सुचवू नका. क्रिएटिन रोज ३ ते ५ ग्रॅम, कॅफीन किलोमागे ३ मिलिग्रॅमपासून, हे पुराव्यानं ठीक आहे. पण उत्तेजकविरोधी नियमांत नमुन्यात बंदी असलेलं द्रव्य सापडलं की जबाबदारी खेळाडूची, मग ते डब्यात कुणी का मिसळलेलं असेना. तुम्ही सुचवलेला डबा तोच भोगतो. बॅचनिहाय तपासणीचा शिक्का नसेल तर नको, आणि ‘देशी’, ‘आयुर्वेदिक’ लिहिलेल्या चूर्णालाही हाच नियम. सप्लिमेंटच्या दुकानात अर्धवेळ नोकरी करून ‘अनुभव’ मिळवण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. तिथं मिळतो तो विक्रीचा अनुभव.

सहा आठवड्यांच्या ऑनलाइन प्रमाणपत्रांचंही तेच. पदवी असेल तर त्यांची भर पडते, पदवी नसेल तर त्यांवर इमारत उभी राहत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेत स्पोर्ट्स न्यूट्रिशनचाच एम.एस्सी. आहे, आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची दोन वर्षांची पदविका नोकरी सांभाळून करता येते. अभ्यासक्रम निवडताना माहितीपत्रकातल्या प्रयोगशाळेच्या फोटोवर जाऊ नका. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना दोन गोष्टी विचारा, प्रत्यक्ष खेळाडूंसोबत किती आठवडे काढायला मिळतात आणि प्रबंधाचा मार्गदर्शक मसुदा किती दिवसांत वाचून परत देतो. नाव मोठं आणि मसुदा तीन महिने टेबलावर, यापेक्षा दर आठवड्याला लाल शाईनं पान रंगवणारे साधे प्राध्यापक कितीतरी बरे. आहारतज्ज्ञ म्हणून नोंदणी करायची असेल तर रुग्णालयातलं प्रशिक्षणही लागतं, ते दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यापर्यंत लांबवू नका. चांगल्या रुग्णालयांच्या जागा आधीच भरलेल्या असतात. अर्ज करताना सोबत एका खेळाडूची सात दिवसांची आहारनोंद जोडा, गुणकांच्या तक्त्यासकट.